तार्कानचं 'शमारक': मराठीत काय म्हणावं, आणि ते दोन मुके नक्की कशासाठी?

गुळाचा_खडा
तार्कान या तुर्की गायकाचं 1997 चं गाणं, 'ओल्युरुम साना' या अल्बममधलं. नाव आठवलं नाही तरी चाल आठवेल: कडव्यानंतर गाणं थबकतं, दोन मुक्यांचे आवाज येतात आणि पुन्हा सुरू होतं. या गाण्याचं मराठी रूपांतर करतोय, जमलं तर ढोलकी-पेटीवर बसवायचंही आहे. तीन प्रश्न.
1) 'शिमारिक'चा अर्थ शब्दकोशात 'लाडावलेली' मिळाला. बरोबर आहे का?
2) उच्चार कसे करायचे?
3) ठेका कोणता? कानाला केरवा वाटतो, पण वाजवला की काहीतरी बिनसतं.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. हे गाणं जगभर चाललं ते निव्वळ मुक्यांमुळे. शब्द काहीही असते तरी चाललं असतं. बेल्जियममध्ये कोणाला तुर्की येत होतं?

सांडगी_मिरची
लाडावलेली नको, 'शेफारलेली'. लाडावण्यात दोष घरच्यांचा असतो, शेफारण्यात जिचा तिचा. शिवाय 'शेफारलेली' म्हणताना म्हणणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसते, आणि या गाण्याला ती आठीच हवी आहे.

खर्जातला
शेफारलेली +1.

किरमिजी
मिरचीताईंनी पहिला प्रश्न निकालात काढलाच आहे, मी दुसरा घेते.

नाव 'शिमारिक' नाही. तुर्कीत दोन 'आय' आहेत, एक ठिपक्याचा आणि एक बिनठिपक्याचा. या शब्दात दोन्ही ठिकाणी बिनठिपक्याचा आहे. तो काढायची युक्ती अशी: 'उ' म्हणायच्या तयारीत जीभ मागे घ्या, पण ओठांचा चंबू करू नका, ओठ पसरटच ठेवा. जे निघेल ते देवनागरीत लिहिता येत नाही. 'शमारक' लिहा, त्यातल्या त्यात जवळचं आहे.

बाकीचे, आपण हमखास चुकतो ते:
शेपटीवाला 'सी' म्हणजे च, पण 'चार'मधला. 'चाक'मधला नव्हे. साधा 'सी' म्हणजे ज, 'जीवन'मधला. 'जाळं'मधला नव्हे. ध्रुवपदात 'ओजा…, कुजा…, सजा…' अशी तीन शब्दांची माळ आहे. तिथे मराठी जीभ सवयीने दाताकडे घसरते आणि सगळं जाळ्यात अडकल्यासारखं ऐकू येतं.
'झेड' मात्र उलट. तिथे 'माझा'तला दंत्य झ हवा.
टोपीवाला 'जी' उच्चारायचाच नाही, आधीचा स्वर लांबवायचा. तोंड म्हणजे 'आझ' असं लिहिलं की आ लांब ओढा, मध्ये ग आणू नका.
दोन ठिपक्यांचा 'यू': 'ई' म्हणा आणि ओठ मात्र 'ऊ'चे ठेवा. 'द्युश्त्युम' (पडलो) मध्ये तो दोनदा येतो.
शब्दाच्या शेवटचा 'र' कडक नको. शेवटी हवा घासून जाते, थोडी 'श'च्या अंगाने. कडव्यातल्या ओळी 'योर'वर संपतात, तिथे कडक र लावला की गाणारा तुर्क नाही हे तिथेच कळतं.

बिनकाट्याचं_घड्याळ
बिनठिपक्याच्या 'आय'चा एक तांत्रिक उपद्रव. जुन्या एमपीथ्री फायलींत या गाण्याचं नाव विचित्र अक्षरांत दिसतं: पहिलं अक्षर काटेरी 'पी'सारखं आणि 'आय'च्या जागी वर रेघ असलेला 'वाय'. फाइल बिघडलेली नसते. नाव तुर्की संकेतप्रणालीत (विंडोज 1254) लिहिलेलं असतं आणि आपला संगणक ते पश्चिम युरोपच्या 1252 ने वाचतो. या दोन तक्त्यांत मुख्य फरक सहा अक्षरांचा आहे, आइसलँडी अक्षरांच्या जागा तुर्कीने घेतल्या आहेत. म्हणून तुर्की नाव आइसलँडी दिसतं. टॅग एडिटरमध्ये 1254 निवडून युनिकोडमध्ये जतन करा, काम झालं.

दुसरं: नाव सगळं कॅपिटलमध्ये असेल आणि सॉफ्टवेअरने ते इंग्रजी नियमाने लहान लिपीत आणलं, तर बिनठिपक्याच्या 'आय'ला ठिपका चिकटतो. मग तेच गाणं यादीत दोनदा दिसतं आणि एका नावाने शोधलं तर दुसरं सापडत नाही.

दुपारचा_चहा
मुक्यावरून विंडोजवर आलो, तेही चार प्रतिसादांत. धागा भरकटून त्याचं काश्मीर होणार.

ठेकेदार
तिसरा प्रश्न माझ्या नावानेच आला आहे.

गुळाचा_खडा, 'काहीतरी बिनसतं' ते पाचव्या मात्रेला बिनसतं. केरव्याच्या आठ मात्रांत पाचवी 'खाली', म्हणजे बिनजोराची असते. 'धा गे ना ती | न क धी ना' वाजवताना पाचवीला डग्गा गप्प. तुर्की-अरबी पट्ट्यातल्या या चालींचा सांगाडा दुयेक नावाच्या आठ मात्रांच्या तालाचा असतो आणि त्यात पाचवीलाच दणका येतो. खर्जाच्या ठोक्याला ते 'दुम' म्हणतात, काठावरच्याला 'तेक'. आठ घरं मांडा:

1 दुम, 2 तेक, 3 रिकामं, 4 तेक, 5 दुम, 6 रिकामं, 7 तेक, 8 रिकामं.

म्हणजे एक, दोन, चार, पाच, सात. तोंडाने 'दुम तेऽक तेक दुमऽ तेऽक' म्हणत टाळी द्या. जमलं की मगच वाद्याला हात लावा.

ढोलकीवर आणताना तीन गोष्टी बिघडतात. पहिली, तिसरं घर रिकामं ठेवणं हाताला सोसत नाही. तिथे 'ना' पडला की झालं भजन. दुसरी, धुमेवरची, म्हणजे खर्जाच्या तोंडावरची घीस. दर्बुका हे त्यांचं तालवाद्य एका तोंडाचं, त्याचा खर्ज ठोकला की तिथेच संपतो, त्याला मींड नाही. आपण सवयीने तळवा दाबून 'घुंऽव' काढतो आणि गाणं इस्तंबूलहून थेट फडावर येतं. तेव्हा धुमेवर उघडा, कोरडा ठोका मारा, दाबू नका. तिसरी, भरणा. दर्बुकेवरचे बारीक बोल बोटांच्या टोकांनी आणि चुटकीने कडेवर काढतात. तुर्की दर्बुकेची कड उघडी, धातूची असते, म्हणून आवाज चुरचुरीत येतो. ढोलकीवर तो चाटीवर (बारीक आवाजाच्या तोंडावर), अगदी काठाला, शाईपासून लांब काढा. शाईवर गेलात की सूर लागतो, आणि तो सूर पेटीशी भांडतो.

खर्जातला
पेटीबद्दल एक. असल्या पॉप गाण्यांत कीबोर्ड बारा स्वरांचा असतो, त्यामुळे पेटीवर चाल निघते. तुर्की शास्त्रीय संगीतात मात्र एका पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग, 'कोमा', मोजतात. व्हायोलिनवाले पॉपमध्येही मधूनच तिकडे झुकतात. ते पेटीवर शोधत बसू नका. व्हायोलिनवाला मिळाला तर बघा, आणि मिळाला तर एक पुरणार नाही. तिथल्या तंतुवाद्यांची मजा पाच-सहा जणांनी एकच ओळ एकसाथ ओढण्यात असते, वेगवेगळे सूर जुळवण्यात नाही.

गुळाचा_खडा
ठेकेदार साहेब, दंडवत. पाचव्या घराचं आत्ता टेबलावर वाजवून पाहिलं, तेच होतं.
पण मूळ मुद्दा कोणी खोडला नाही. शब्दांना अर्थ नाही.

किरमिजी
खोडते.

आधी सांगा, गाणं म्हणतोय कोण? तार्कान नव्हे, गाण्यातला माणूस. तो आहे जुन्या वळणाचा, मिशीला पीळ देणारा. त्याच्यासमोरून एक मुलगी जाते. दंडाला परका गडी अडकवलेला. इथे वापरलेलं क्रियापद दागिना अंगावर चढवण्यालाही वापरतात, म्हणजे गडी जणू बांगडी. तोंडात च्युइंगगम, फुगवून फुगवून फोडते आहे. डोळ्यांत सुरमा (तुर्कीत 'स्युर्मे', आपल्या डबीतलाच), ओठ लालचुटुक, त्याच्यापुढे येऊन फिदीफिदी हसते. आणि हा कुरकुरतो: पुरुषपणाला शोभतं का हे, बापाकडून आपण हेच शिकलो का, जुन्या गावात नवी रीत आली, मित्रांनो, बुडालो!

'जुन्या गावाला नवी रीत' ही तुर्कीतली नेहमीची म्हण आहे. म्हणजे हा गृहस्थ सगळी ठेवणीतली वाक्यं काढतो आणि ध्रुवपदात सरळ तिच्या पायाशी लोळण घेतो. गाण्यातला विनोद हा आहे. आणि गाणं लिहिणारी बाई आहे, सेझेन आक्सू. तिकडे तिला 'चिमुकली चिमणी' म्हणतात, आणि तुर्की पॉपची अर्धी पिढी तिच्या हाताखालून गेली. पुरुषी कुरकुर बाईने लिहिली आणि देखण्या पोराच्या तोंडी दिली. अर्थ नाही कसा?

सांडगी_मिरची
आणि व्याकरण आपल्या इतकं जवळचं आहे की इंग्रजीतून भाषांतर करणं म्हणजे शेजारच्या घरी मुंबईमार्गे जाणं. क्रियापद शेवटी. 'फुगवून फुगवून' ला 'शिशिरिप शिशिरिप'. 'ऊन'च्या जागी 'इप', द्विरुक्तीसकट. प्रयोजकाला आपण 'व' घालतो, ते 'त' घालतात. 'चातला' म्हणजे उलणं (तडकणं), 'चातलात' म्हणजे उलवणं. 'पातला' फुटणं, 'पातलात' फोडणं. पहिल्या कडव्याचं यमक या दोन क्रियापदांवरच आहे: ती मला मधोमध उलवते, आणि फुगा फोडते.

मराठीत: 'मला मधोमध उलवते / फुगा गालात फुलवते'. यमक फुकटात.

किरमिजी
मिरची, यमक सुरेख, पण फुलवणं आणि फोडणं यात गाणं निसटतं. तो 'फट्' आवाज हवा. ती गम फोडते आणि इकडे याचं काळीज तडकतं, असं जोडलेलं आहे.

सांडगी_मिरची
मान्य. मग 'तडकवते / फटकन् फोडते' असं ओबडधोबड चालेल, पण 'फुलवते' नको. काढलं.

गावकुस_वेशीवरून
'लालचुटुक'ला मूळ शब्द काय आहे? सहज.

किरमिजी
'कपकरमझ'. 'करमझ' म्हणजे लाल, आणि शब्दाचा पहिला तुकडा पुढे जोडून तो गडद केलेला. 'करमझ' आणि आपला 'किरमिजी' एकाच किड्यापासून आलेत. पूर्वी रंग त्या किड्यापासून काढत. माझ्या आयडीबद्दल आता कोणी विचारू नये.

दुपारचा_चहा
किडा आहेच, हे आम्हाला माहीत होतं.

अर्धा_कोयता
अर्थाचं ठीक आहे, पण गुळाचा_खडा यांचा मुद्दा तसा शिल्लक राहतोच. फ्रान्स-बेल्जियममधल्या लोकांना ही म्हण आणि तो सुरमा कुठे कळला होता? 1998-99 मध्ये तिथे गाणं वरच्या क्रमांकांवर गेलं ते मूळ तुर्कीतच. माझ्या मते कारण बाजाराचं आहे. तार्कान 1972 मध्ये जर्मनीतल्या अल्झाय गावी जन्मला. 1961 च्या करारानंतर तुर्की कामगार पश्चिम जर्मनीत गेले, पुढे बेल्जियम-फ्रान्समध्येही वस्त्या झाल्या. गिऱ्हाईक आधीच तिथे बसलेलं होतं. शिवाय घरी तुर्कस्तानात 1990 नंतर खासगी रेडिओ-टीव्ही आले, 1993 मध्ये सरकारी मक्तेदारी घटनेतूनच काढली. मग दिवसभर व्हिडिओ दाखवणाऱ्या वाहिन्यांना देखणे चेहरे लागणारच.

खर्जातला
गिऱ्हाईक होतं, मग त्याआधी तीस वर्षं त्याच वस्त्यांत विकल्या गेलेल्या कॅसेटींपैकी कोणती वस्तीबाहेर पडली? बाजाराने गाणं दारापर्यंत येतं, उंबरा त्याला स्वतः ओलांडावा लागतो. ओझान चोलाकोलूचं संगीत संयोजन ऐका. खाली डान्सचा कोरडा ठोका, वर दर्बुका आणि तंतुवाद्यं. ज्याला तुर्की काही कळत नाही त्यालाही पाय कुठे टाकायचा ते कळतं.

ठेकेदार
खर्जातला यांच्याशी सहमत. पण गाण्यातला तो थांबा म्हणजे काय तेही ऐका. मुक्यांच्या जागी संगीत मागे सरतं. नाचणारा पाय वर उचललेला असतो तेव्हाच जमीन काढून घेतली आहे. ढोलकीवाल्याने त्या जागी एकही बोल भरू नये. तोडा तर मुळीच नको.

अर्धा_कोयता
बरं, मग इंग्रजी आवृत्त्यांचं काय? 2001 मध्ये अमेरिकेत स्टेला सोलेल, 2002 मध्ये हॉली व्हॅलन्स. व्हॅलन्सची तर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या नंबरावर. त्यात मिशीवाला नाही, गाव नाही, रीत नाही. गाणारी मुलगी आहे, ती थेट बोलते. अर्थ पार काढून टाकला तरी गाणं चाललं. मुके तेवढे ठेवले. म्हणजे गुळाचा_खडा बरोबर?

गुळाचा_खडा
धन्यवाद कोयतेभाऊ, एक तरी मत मिळालं.

सांडगी_मिरची
घाई नको. मुके ठेवले, पण वाक्यातली त्यांची जागा बदलली. इंग्रजीत 'आज रात्री तुला देणार आहे' अशा ओळीनंतर मुके येतात. म्हणजे मुका हे साधं कर्म झालं, दुकानात 'दोन द्या' म्हणावं तसं.

मूळ तुर्कीत मुक्यांच्या आधी एकच शब्द आहे: 'याकालारसाम'. फोडून बघा. 'याकाला' पकड, 'र' ही काळाची खूण, 'सा' तर, 'म' मी. 'मी पकडलं तर'. जर-तरच्या वाक्याचा अर्धाच भाग, आणि 'तर' शब्दाच्या शेपटीला. वाक्य उघडं पडलंय, पुढे धमकी यायला हवी. पकडलं तर बघ, पकडलं तर तंगडी मोडीन, असलं काहीतरी. आणि येतात दोन मुके. सगळं कडवंभर मिशीवर ताव मारणाऱ्याची धमकी अशी वितळते. मुका हा तिथे वाक्याचा उरलेला अर्धा भाग आहे.

खर्जातला
हे भारी आहे. म्हणजे जो थांबा ठेकेदारांनी तालात दाखवला, तोच व्याकरणातही आहे.

गुळाचा_खडा
…
बरं. बेल्जियमवाल्यांना व्याकरण कळलं नसेल, पण काहीतरी अधांतरी लटकलंय एवढं कानाला कळलं असेल. अर्धं मत मागे घेतो. अर्धंच.

आता मराठीत 'पकडलं तर' फारच पोलिसी वाटतं.

गावकुस_वेशीवरून
'हाती लागलीस तर'.

किरमिजी
हेच! आणि 'तर' आपोआप शेवटी आला. मराठीला तो ओढूनताणून आणावा लागत नाही.

त्याच्या आधीच्या ओळींतल्या तीन उपमा राहिल्या.
'फन्दक्करान': शब्दशः हेझलनट फोडणारी. तो अडकित्ता नव्हे, नखरेल पोरीला म्हणतात. जगात हेझलनट सर्वांत जास्त तुर्कस्तानात पिकतं, त्यामुळे शब्द तिथे घरचा आहे. आपल्याकडे कोणीही ते दाताने फोडत नाही, तेव्हा शब्दशः नका जाऊ.
'सापाला बिळातून बाहेर काढणारी': गोड बोलणं सापालाही बिळातून काढतं, अशी म्हण आहे. हे जसंच्या तसं ठेवा, मराठीत झकास बसतं.
'प्युस्क्युल्ल्यू बेला': गोंडा लावलेली बला. बला तीच, आपली. मोठ्या, भपकेबाज आपत्तीला म्हणतात. गोंडा म्हटलं की फेझ टोपी आठवते. तिच्यावर 1925 मध्ये कायद्याने बंदी आली, पण बलेचा गोंडा काही गेला नाही.

दुपारचा_चहा
'गोंड्याची बला' हा मी घरातल्या मांजराला आजपासून लावणार.

सांडगी_मिरची
'फन्दक्करान'ला 'टवळे' कसं वाटतं? 'अगं टवळे, सापाला बिळातून काढणारे'.

किरमिजी
टवळी जरा जास्त टोचते. 'नखरेल' मवाळ होतं. 'ठमाकाकू' नको. 'सटवे'?

ठेकेदार
'सटवे' दोन अक्षरं कमी पडतात. तिथे चार अक्षरं लागतात, शेवटचं लांब. 'भवाने' पण तीनच. 'चटकचांदणे' मोजा.

खर्जातला
च-टक-चांद-णे. बसतं! आणि मिशीवाल्याच्या तोंडी शोभतं.

बिनकाट्याचं_घड्याळ
रेकॉर्डिंग करणार असाल तर मुक्यांचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घ्या. मुका हा हवा आत ओढून निघणारा आवाज आहे, पण ओठ सुटताच नकळत फुंकर बाहेर जाते. समोरून माइकवर घेतला तर 'भप्' होतो आणि कॉम्प्रेसर पुढची ओळही दाबून टाकतो. माइक तोंडाच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर, तिरका ठेवा. ओठ आधी किंचित ओले. आठ-दहा घ्या, त्यातले दोन निवडा. एकच मुका दोनदा चिकटवू नका, कानाला लगेच कळतं. दुसरा पहिल्यापेक्षा थोडा हलका असला की खरा वाटतो. आणि त्यावर रिव्हर्ब नको, मंदिरात मुका घेतल्यासारखं होतं.

दुपारचा_चहा
शेवटच्या वाक्याला फ्रेम करून लावावं.

अर्धा_कोयता
नेटवर टाकण्याआधी हेही बघा. मूळ शब्दांसह नवं रेकॉर्डिंग ही एक गोष्ट, मराठी शब्द घालणं ही दुसरी. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 31 सी कव्हर व्हर्जनला वाट देतं: पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं त्यानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी कळवून रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही किमान 50,000 प्रतींची. पण त्यात रचनेत बदल करायला मुभा नाही. भाषांतराचा हक्क लेखकाचाच, त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. घरच्या बैठकीत म्हणायला कोणी अडवत नाही.

गुळाचा_खडा
बैठकीपुरतंच आहे. आत्तापर्यंतचं ध्रुवपद:

अगं चटकचांदणे,
सापाला बिळातून काढणारे,
नशिबाची माझ्या गोंड्याची बला,
हाती लागलीस तर मी…

सांडगी_मिरची
'मी' काढा. 'तर'वर सोडा.

ठेकेदार
आणि ढोलकीवाल्याला कागदावर लिहून द्या: इथे हात मांडीवर.

गुळाचा_खडा
काढला. ढोलकीवाला तयार आहे. पेटीवाले काका मुके घ्यायला नाही म्हणतायत.